बारदान वजा करा, मग वजन वाचा

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळद-बेदाण्याच्या अडत दुकानात मी २७ वर्षं दिवाणजी आहे. दिवसभर दुसऱ्याच्या मालाचं वजन लिहायचं काम. तरी स्वतःचं वजन कसं वाचायचं ते कळायला वयाची ५१ वर्षं गेली.

डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून सांगितलं तेव्हा मी ९४ किलो होतो. भात निम्मा केला, पहाटे कृष्णेच्या घाटापर्यंत चालायला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले. यार्डभर सांगत सुटलो. पुढच्या आठवड्यात एक लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दीड किलो परत! त्या दिवशी चालायला गेलो नाही, आणि दुपारी ‘नाहीतरी काय उपयोग’ म्हणत वडापाव खाल्ला. असं तीनदा सोडलं आणि तीनदा धरलं. दर वेळी सोडलं ते भुकेमुळे नव्हे, काट्यावरच्या आकड्यामुळे.

मग एकदा हळदीची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब, करताना डोक्यात आलं. पोतं काट्यावर चढलं की दिसणारा आकडा सगळ्याचा असतो. त्यातून बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा केल्याशिवाय आपण शेतकऱ्याची पट्टी करत नाही. वाटेत पावसात भिजून पोतं जड झालं, तर हळद वाढली असं कुणी म्हणत नाही. आणि बेदाण्याचं तर काय सांगावं! चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा हाती येतो, बाकी सगळं पाणी. आपलं शरीरही तसंच, निम्म्याहून जास्त पाणीच.

हे पाणी कशाने वाढतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे सकाळी धक्का बसणार नाही. पहिलं कारण मीठ. दवाखान्यातल्या एक लिटर सलाईनच्या बाटलीत ९ ग्रॅम मीठ असतं. त्यावरून अंदाज करा, रात्री पापड, लोणचं, खर्डा आणि वर मिसळीचा कट झाला, तर मूत्रपिंडं ते मीठ बाहेर टाकेपर्यंत त्याच्याबरोबर शरीर किती पाणी धरून ठेवत असेल. एक-दोन दिवसांत ते आपोआप उतरतं. दुसरं कारण भात, साबुदाणा, जिलेबी असलं पिठूळ आणि गोड. त्यातली साखर यकृतात आणि स्नायूंत साठते आणि साठलेल्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरते. भात कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात माझे दोन किलो उतरले त्यात बरंचसं हेच पाणी होतं. म्हणजे तो आनंदही बारदानाचाच, आणि लग्नानंतरचं दुःखही.

पोट साफ नसेल तर वजन जास्त भरतं. नवा व्यायाम सुरू केल्यावर अंग दुखतं, त्या सुजेचंही पाणी असतं. आणि बायकांचं वेगळंच. आमच्या हिचं पाळीच्या आधी चार-पाच दिवस किलोभर वाढतं. आधी ती त्या दिवसांत रडकुंडीला येऊन रात्रीचं जेवणच टाळायची. आता ती मागच्या आठवड्याशी तुलना करत नाही, मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी ताडून बघते. मला म्हणाली, “अहो, तुमच्या पोत्यापेक्षा माझं पोतं अवघड आहे.” खरं आहे.

आता वजन कसं करायचं. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, अंगावर तेवढेच कपडे. काटा सतरंजीवर ठेवू नका, पक्क्या फरशीवर ठेवा, आणि रोज त्याच फरशीवर. आमच्याकडची जुनी शहाबादी वरखाली आहे. दोन फरश्यांवर मला ७०० ग्रॅमचा फरक मिळाला, तेव्हापासून खडूने चौकोन आखलाय. एकदाच उभं राहायचं. आकडा आवडला नाही म्हणून पुन्हा पुन्हा चढणारा माणूस म्हणजे भाव पटला नाही म्हणून काट्याशी भांडणारा शेतकरी.

आकडा वहीत लिहायचा, पण त्यावर काहीही ठरवायचं नाही. रविवारी सातही आकड्यांची बेरीज करून सातने भागायचं. माझ्या वहीतला एक आठवडा देतो: ९१.२, ९१.०, ९०.८, ९२.१, ९१.७, ९१.०, ९०.९. गुरुवारी बघा, एका रात्रीत १.३ किलो वर. बुधवारी मिसळ होती. सरासरी आली ९१.२, आणि आधीच्या आठवड्याची होती ९१.६. पट्टी या आकड्यावर करायची. गुरुवारी वही फेकून दिली असती तर उतरलेले ४०० ग्रॅम मला दिसलेच नसते.

तरी मन मानत नसेल तर हिशेब मांडा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. १.३ किलो खरी चरबी एका रात्रीत चढायला दहा हजार कॅलरी जास्तीच्या लागतील. चांगली मोठी ज्वारीची भाकरी दोनशेची धरली, तर नेहमीच्या जेवणाच्या वर पन्नास भाकऱ्या. मी खाणारा माणूस आहे, पण पन्नास नाही.

आकडा वर दिसला त्या दिवशी काय करायचं? कालचंच. उपास करायचा नाही, दुप्पट चालायचं नाही, पाणी तोडायचं नाही. मी वहीत आकड्याशेजारी एका शब्दात कारण लिहितो: लग्न, मिसळ, जागरण. कारण सापडलं नाही तर फुली मारतो. मग बूट घालतो. पट्ट्याचं भोकही महिन्यातून एकदा बघतो. मधल्या काळात काटा हलला नाही तेव्हा एक भोक आत आलो होतो.

मात्र सगळंच पाण्यावर ढकलू नका. चार आठवडे सरासरी जागची हलली नाही, तर तो माल आहे, बारदान नव्हे. माझी एकदा अशी अडकली. शोधलं तर यार्डातले आठ चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला सोळा चमचे. शिवाय सौद्याच्या वेळी वानगीतला, म्हणजे नमुन्याला ठेवलेला, बेदाणा येता-जाता तोंडात. तो मी कधी खाण्यात धरलाच नव्हता! चहा तीनवर आणले, वानगीला हात लावणं बंद केलं. मालकांना बरं वाटलं असणार.

आणि पायांवर सूज, धाप लागणं किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलोंची वाढ यातलं काहीही दिसलं, विशेषतः हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तिथे माझा हिशेब चालत नाही.

काल एकादशी होती. दुप्पट खाशी म्हणतात ते आमच्या घरी खोटं नाही, दोन वेळा साबुदाण्याची खिचडी झाली, वर दाण्याची आमटी. परवा ८६.४ होतो, आज ८७.३. शेजारी ‘साबुदाणा’ लिहिलंय. साडेपाच वाजलेत, घाटावर निघतो.