सरोवरांच्या वाटेआधी सिंहगड

काश्मीरमधील विशनसर, गडसर, गंगाबल या सरोवरांचा अनेक दिवसांचा ट्रेक सहसा सोनमर्गजवळून सुरू होऊन नारानागला संपतो. वाटेतील गडसर खिंड सुमारे ४,२०० मीटर उंचीवर असल्याने पुणेकरांनी निदान दोन महिने आधीपासून आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढण्याचा सराव ठेवावा, आणि तोही पाठीवर भरलेली सॅक घेऊनच. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या भराव्यात; मात्र माथ्यावर पोहोचल्यावर त्या रिकाम्या करू नयेत, कारण गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर होते आणि गंगाबलकडची उतरण चांगलीच तीव्र आहे.

सॅक भरताना स्लीपिंग बॅग तळाशी आणि जड सामान पाठीला चिकटून ठेवावे. कमरेचा पट्टा आधी कंबरेच्या हाडांवर आवळावा, खांद्यांचे पट्टे नंतर. या क्रमाने खांद्यांवरचा भार जाणवण्याइतका हलका होतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. रेनकव्हर पाठीकडून झिरपणारे पाणी अडवत नाही, म्हणून आत जाड प्लास्टिकची पिशवी अवश्य घालावी.

सरावाने दमसास वाढतो, परंतु विरळ हवेची सवय वर गेल्यावरच होते. डोकेदुखी आणि मळमळ वाढू लागल्यास पुढे न जाता खाली उतरावे.