सिंफनी ऐकायला लागलात? मग या चुका टाळा

सिंफनी म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिलेली, सहसा चार भागांची मोठी रचना. “सिंफनी ऐकून पाहिली, पण काही पोचलं नाही हो,” असं सांगणारे वरचेवर भेटतात. काय ऐकलंत विचारलं, की बहुतेक वेळा निघते ‘बेस्ट ऑफ बीथोव्हन’सारखी निवडक तुकड्यांची यादी.

तुकडे ऐकणं ही सगळ्यात मोठी चूक. माझ्या भाच्याला बीथोव्हनची पाचवी सिंफनी ‘पाठ’ होती, म्हणजे पहिले चार सूर. एकदा दिवाळीत आला तेव्हा त्याला तिसऱ्या मूव्हमेंटपासून, म्हणजे तिसऱ्या भागापासून, ऐकायला बसवलं. त्याचाच फोन, माझे स्पीकर. या मूव्हमेंटच्या शेवटी अख्खा वाद्यवृंद विझत जातो. तंतुवाद्यं एक सूर धरून ठेवतात, टिंपनी या नगाऱ्यांवर अगदी हलके ठोके पडत राहतात आणि त्यावरून व्हायोलिन्स चाचपडत वर चढू लागतात. मग आवाज वाढतो आणि मध्ये क्षणभरही न थांबता चौथी मूव्हमेंट सी मेजर या स्वरमेळात धडाक्यात सुरू होते. तीन मूव्हमेंट गप्प बसलेले ट्रॉम्बोन, पितळी फुंकवाद्यं, इथे पहिल्यांदा वाजतात. आणि नेमकं तिथेच फोनवर कर्जाची जाहिरात लागली! मी उठले, सीडी काढली आणि तिसरी मूव्हमेंट पुन्हा पहिल्यापासून लावली. ट्रॉम्बोन आले तसा तो ताठ बसला. “मावशी, हे त्याच सिंफनीत आहे?” त्याच सिंफनीत आहे, १८०८ पासून आहे. ‘बेस्ट ऑफ’ची यादी करणाऱ्याने कापून टाकलं, म्हणून त्याला माहीत नव्हतं.

तेव्हा शफल बंद करा. एका ट्रॅकचा शेवट पुढच्यात मिसळणारा क्रॉसफेडही बंद करा. दोन ट्रॅकमधली फट घालवणारं सेटिंग असेल तर ते चालू ठेवा. जाहिराती येणाऱ्या ॲपवर सिंफनी लावूच नका. मी एक सिंफनी महिनाभर पुरवते आणि तीही एकाच रेकॉर्डिंगवर. आठवड्यात वीस सिंफन्या ‘संपवणाऱ्यांना’ काय ऐकलंत विचारलं, तर एकीतली एक ओळ गुणगुणता येत नाही. पाचवी साधारण अर्ध्या तासाची आहे. तेवढा वेळ नसतो म्हणणारे रोज रात्री तेवढ्या रील्स बघतात.

दुसरी चूक खास आपल्याकडची: राग शोधत बसणं. तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला षड्ज जागचा हलणार नाही याची इतकी खात्री असते, की तो हलला की सगळंच विस्कळीत वाटतं. “चाल छान होती, मध्येच कुठे गेली?” ही तक्रार मी सवाईला नेमाने जाणाऱ्या जाणकारांकडूनही ऐकली आहे. त्यांना मी मोझार्टची चाळिसावी ऐकवते. १७८८ मधली आहे, जी मायनरमधली, म्हणजे ‘जी’ हा सूर षड्ज धरून. तिची सुरुवात आपल्या कानांना ओळखीची असते, कारण सलील चौधरींनी ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’ त्यावरच बांधलं. लोक तेवढं ओळखतात, खूश होतात आणि बंद करतात. खरी गंमत त्यानंतर आहे. थोड्या वेळाने एक दुसरी, मवाळ चाल येते, ती बी फ्लॅट मेजरमध्ये. म्हणजे मघाचा कोमल गंधार आता षड्ज झालेला असतो. मूर्च्छना, म्हणजे त्याच सुरांत षड्ज बदलणं, ठाऊक असलेल्याला हे लगेच कळावं. पुढे मूव्हमेंटच्या उत्तरार्धात तीच मवाळ चाल परत येते, पण या खेपेला जी मायनरमध्ये. सगळा दिलासा काढून घेतलेली. ती दुसरी चाल आधी मनात बसलेली नसेल, तर हे दुःख ऐकूच येत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की पहिली मूव्हमेंट लागोपाठ दोनदा ऐका आणि दुसऱ्या खेपेला फक्त त्या चालीची वाट बघा.

बाकीच्या चुका थोडक्यात. लोकलमध्ये इअरफोन लावून सिंफनी ऐकू नका, हळू भाग गाडीच्या खडखडाटात बुडतात. अभ्यासाला पार्श्वसंगीत म्हणून तर नकोच. सुरुवातीलाच माहलरची तिसरी घेऊ नका, ती दीड तासाहून मोठी आहे. ड्वोरझाकची नववी घ्या, तिच्या दुसऱ्या मूव्हमेंटमधलं कोर आंग्ले या सनईसारख्या फुंकवाद्याचं सोलो कोणालाही धरून ठेवतं. कोणाचं रेकॉर्डिंग श्रेष्ठ, या वादात पहिलं वर्षभर पडू नका.

आणि प्रत्यक्ष ऐकायला जा. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. मी वरच्या मजल्यावरची जागा घेते, तिथून कोण कधी वाजवतंय ते नीट दिसतं. टाळ्यांसाठी कंडक्टर हात खाली घेऊन वळेपर्यंत थांबा. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीत तर तिसरी मूव्हमेंट इतक्या जोशात संपते की सभागृह हमखास फसतं, आणि शेवटची संथ, शोकाकुल मूव्हमेंट अजून बाकी असते. पण कोणी चुकून टाळी वाजवलीच, तर त्याच्याकडे डोळे वटारून बघणारे जुने श्रोते मला अजिबात आवडत नाहीत. १८१३ मध्ये व्हिएन्नात बीथोव्हनची सातवी पहिल्यांदा वाजली, तेव्हा श्रोत्यांनी दुसरी मूव्हमेंट तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावली होती.