ब्रिटनमधली पेन्शन: कंपनीत किती, स्वतःच्या खात्यात किती?

पहिल्या पगाराच्या चिठ्ठीत पेन्शनची कपात दिसली की बहुतेकांच्या मनात एकच येतं: आपण चार-पाच वर्षांत परत जाणार, मग हे कशाला? आणि लगेच ऑप्ट आउट, म्हणजे योजनेतून बाहेर. तसं करू नका. किमान योजनेत ६,२४० ते ५०,२७० पौंडांमधल्या पगारावर तुमचे ५ टक्के (करसवलत धरून) जातात आणि मालक ३ टक्के घालतो. काही कंपन्या तुम्ही वाढवाल तसं आपलंही वाढवतात. मालकाचं ते पूर्ण पदरात पडेपर्यंत योजनेच्या फीचा विचारसुद्धा करायचा नाही. भारतात परतलात तरी पैसे तुमचेच राहतात, फक्त हातात यायला वय व्हावं लागतं: आज ५५, एप्रिल २०२८ पासून ५७.

एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) असाल तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही. तिथली पेन्शन पगारावर ठरते, फंडाच्या फीवर नाही. ती सोडू नका, बस.

प्रश्न उरतो तो मालकाच्या वाट्यापलीकडे जे जास्तीचं टाकायचं त्याचा. ऑफिसातले जाणते सांगतील, ‘सिप उघड, स्वस्त पडतं.’ (भारतातली म्युच्युअल फंडाची एसआयपी वेगळी, हे स्वतः चालवायचं पेन्शन खातं.) फी स्वस्त असेलही, पण हिशेब तिथे संपत नाही.

आधी एचआरला विचारा, सॅलरी सॅक्रिफाइस आहे का? म्हणजे तेवढा पगार सोडायचा आणि कंपनीने तो थेट पेन्शनमध्ये भरायचा. असेल तर २० टक्के कराच्या पट्ट्यातल्या माणसाच्या पेन्शनमध्ये १०० पौंड गेले की हातातला पगार ७२ नेच कमी होतो, कारण करासोबत ८ टक्के नॅशनल इन्शुरन्सही (पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी) वाचतो. सिपमध्ये तेच १०० व्हायला खिशातून ८० जातात. म्हणजे त्याच ७२ पौंडांचे इकडे १०० होतात, तिकडे ९०. कंपनीची योजना वर्षाला ०.४ टक्क्यांनी महाग असली तरी ही आघाडी खाऊन टाकायला तिला पंचवीसएक वर्षं लागतील.

५०,२७० च्या वर मात्र चित्र बदलतं. तिथे कर ४० टक्के पण नॅशनल इन्शुरन्स २ टक्केच, त्यामुळे तुलना ५८ विरुद्ध ६० ची. हा फरक आठ-नऊ वर्षांत फीमध्ये विरून जातो. शिवाय सिपमध्ये ८० भरले की २० आपोआप मिळतात, वरचे २० एचएमआरसीकडे, म्हणजे करखात्याकडे, मागावे लागतात. आळस केला तर गेले. आणि एप्रिल २०२९ पासून सॅक्रिफाइसवरची नॅशनल इन्शुरन्सची सूट वर्षाला २,००० पौंडांपुरतीच राहणार आहे, तेव्हा हे गणित पुन्हा मांडायचं.

आता फी. कंपनीच्या योजनेतल्या डिफॉल्ट फंडावर (तुम्ही काही निवडलं नाही तर पैसे जातात तो) वर्षाला ०.७५ टक्क्याची कायदेशीर मर्यादा आहे. फंडातल्या खरेदी-विक्रीचा खर्च त्यात धरलेला नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी घासाघीस करून यापेक्षा बरंच खाली आणलेलं असतं, म्हणून तुमच्या योजनेचा नेमका आकडा पोर्टलवर शोधा. नेस्ट, म्हणजे सरकारने उभी केलेली पेन्शन योजना, जमा करतानाच १.८ टक्के कापते आणि मग वर्षाला ०.३ घेते. ते १.८ ऐकून दचकायला होतं, पण २० वर्षांवर पसरले तर वर्षाला ०.१ टक्काही होत नाहीत. दोन वर्षांत पैसे हलवणार असाल तर मात्र बोचतात.

सिपमध्ये प्लॅटफॉर्मची (खातं सांभाळणाऱ्या कंपनीची) फी वेगळी आणि फंडाची वेगळी. जाहिरातीत एकच मोठ्या अक्षरात असते. व्हॅनगार्ड या प्लॅटफॉर्मकडे ३२,००० पौंडांखाली महिना ४ पौंड, वर ०.१५ टक्के, वर्षाला कमाल ३७५. खात्यात २,००० च असतील तर ४८ पौंड म्हणजे २.४ टक्के झाले की! छोट्या रकमेचे दोन तुकडे करण्यात शहाणपण नाही.

माझं मत विचाराल तर सगळं आधी कंपनीच्या योजनेतूनच घाला, आणि रक्कम चांगली वाढली की योजनेला विचारा: नोकरीत असतानाच थोडा भाग सिपमध्ये हलवता येतो का? हो म्हणाले तर सूट त्यांच्याकडून आणि स्वस्त फी इकडे, दोन्ही मिळतं. सगळा पैसा हलवायचा अर्ज मात्र भरू नका. काही योजनांत त्याने सभासदत्व बंद होतं आणि मालकाचा वाटा थांबतो.