कार बूट सेलमध्ये जुनी सुतारी हत्यारे कशी शोधावीत आणि कशी पारखावीत

ब्रिटनमध्ये एप्रिल उजाडला की गावोगावच्या मैदानांवर आणि शेतांत रविवारचे कार बूट सेल, म्हणजे गाडीच्या डिक्कीतून जुन्या वस्तू विकण्याचे बाजार, सुरू होतात आणि थंडी पडेपर्यंत चालतात. गाड्या रांगेने उभ्या, डिक्क्या उघड्या, पुढे घडीची टेबले, त्यांवर खेळणी, कपबशा, कपडे. हत्यारे मात्र बहुतेक वेळा टेबलाखाली, गवतावर ठेवलेल्या खोक्यात असतात. गंजलेल्या पटाश्या, मूठ हलणारी करवत, काळा पडलेला रंधा. आपले काम त्या खोक्याशी.

ही हत्यारे घेण्यासारखी का, तर रोज त्यांच्यावर पोट असलेल्या कारागिरांसाठी ती बनली होती. शेफील्ड या इंग्लंडमधल्या पोलादाच्या शहरातल्या जुन्या पोलादाला जी धार लागते आणि जितकी टिकते, ती आज त्याच दरात नव्या हत्यारात मिळत नाही. पण माझे एक ठाम मत आधीच सांगते: कारखान्याचा शिक्का शेवटी वाचायचा. आधी हत्यार कामाला येईल का ते बघायचे. नावाजलेल्या कारखान्याचा तडा गेलेला रंधा म्हणजे भंगार, आणि नाव पुसलेली पण पाठ सपाट असलेली पटाशी तुमच्या नातवंडांपर्यंत चालेल.

कधी जावे, बरोबर काय न्यावे

लवकर जावे. विक्रेते गाडी रिकामी करत असतात तेव्हाच व्यापारी हत्यारांवरून नजर फिरवून गेलेले असतात. तरी उशिरा जाण्यातही फायदा असतो; आवराआवर सुरू झाली की जड लोखंड परत घरी न्यायला कोणी राजी नसते, आणि शेगडा (व्हाइस) किंवा ऐरणीसारख्या वस्तूंचे भाव झपाट्याने उतरतात.

खिशात सुटी नाणी आणि पाच-दहा पौंडांच्या नोटा ठेवा. एक छोटी बॅटरी, सहा इंची पोलादी पट्टी, चुंबक, जुना फडका आणि जाड हातमोजे एवढे पुरते. चुंबक पितळ ओळखायला: पितळी दिसणाऱ्या वस्तूला तो चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. खोक्यात हात घालताना हातमोजे घाला, कारण तळाशी पाती उघडी पडलेली असतात.

खोका उपसताना

वरवर बघून पुढे जाऊ नका. विक्रेत्याला विचारा आणि सगळे बाहेर काढा. आधी एकाच हाताखालची हत्यारे आहेत का ते पाहा. चार-पाच मुठींवर एकाच मालकाचे नाव ठोकलेले दिसले, तर तो एका सुताराचा संच आहे आणि त्याचे बाकीचे तुकडे शेजारच्या खोक्यात असण्याची शक्यता दाट. ब्रिटिश सुतार आपले नाव लाकडात ठशाने ठोकत. कारखान्याचा शिक्का आणि मालकाचा ठसा यांत नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो. कारखान्याच्या शिक्क्यात बहुधा गावाचे नाव असते, मालकाच्या ठशात नुसते आडनाव आणि आद्याक्षरे, तीही दोन-तीन ठिकाणी ठोकलेली.

लोखंडी रंधा

सर्वांत जास्त हाती लागतो तो हाच: स्टॅन्ली किंवा रेकॉर्ड या कंपन्यांचा, ‘बेली’ नावाच्या घडणीचा रंधा. स्टॅन्ली मूळ अमेरिकन. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी शेफील्डमध्ये उत्पादन सुरू केले, म्हणून इथे बहुतेक रंध्यांवर ‘मेड इन इंग्लंड’ दिसते. रेकॉर्डने आपले रंधे १९३१ साली बाजारात आणले, आणि स्टॅन्लीचेच मॉडेल क्रमांक ठेवून त्यांच्या आधी शून्य लावले. स्टॅन्लीचा ४ तो रेकॉर्डचा ०४, स्टॅन्लीचा ५ तो रेकॉर्डचा ०५. रेकॉर्डचा रंग निळा. पहिलाच रंधा घेत असाल तर ४ किंवा ५ घ्या, बाकीचे नंतर.

तो असा तपासा. पालथा करून तळ उजेडात धरा. पाते जिथून बाहेर येते त्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केसासारखी रेष निघाली आहे का ते पाहा. ओतीव लोखंड पडले की पहिल्यांदा तिथेच तडकते, आणि गंजाच्या थराखाली ही रेष दडते. फडक्याने पुसून नखाने चाचपा. मग दोन्ही बाजूंच्या भिंती बघा, तिथे जोड मारल्याचा ओबडधोबड फुगवटा असेल तर ठेवून द्या. पाते दाबून धरणाऱ्या टोपीचा खालचा काठ फुटलेला नको. पितळी चक्र फिरवून पाहा. गंजाने जाम असेल तर चालेल, आटे झिजून नुसते फिरत असेल तर चालणार नाही.

आता पाते बाहेर काढा. मधल्या खाचेच्या खाली किती पोलाद शिल्लक आहे? दोनेक सेंटीमीटर असेल तर घरगुती कामाला अनेक वर्षे पुरेल. शेवटी स्क्रू मोजा. ही बाब कोणी सांगत नाही, पण महत्त्वाची आहे: स्टॅन्लीच्या रंध्यांचे आटे नेहमीच्या मापाचे नाहीत. एक स्क्रू हरवलेला असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानात तो मिळणार नाही, दुसरा मोडका रंधा शोधून त्याचा काढावा लागेल. मूठ फुटलेली असली तरी हरकत नाही, ती चिकटवता येते किंवा नवी घडवता येते. गडद शिसवी मूठ सहसा आधीच्या काळची, रंग दिलेली बीच लाकडाची नंतरची, प्लॅस्टिकची त्याहून अलीकडची.

कधी तरी वेगळाच रंधा हाती येतो: पोलादी पेटी, आत काळसर शिसवी लाकूड ठासून भरलेले, आकाराच्या मानाने फारच जड. तिथे घाई करू नका. लंडनचा नॉरिस किंवा स्कॉटलंडमधल्या एअर गावचा स्पायर्स यांची नावे टोपीवर किंवा पुढच्या टोकावर शोधा. नॉरिसने पाते सरकवण्याच्या आपल्या स्क्रूचे पेटंट १९१३ साली घेतले, त्यामुळे तो स्क्रू असलेला रंधा त्यानंतरचा. असे रंधे संग्राहक चढ्या भावाने घेतात. एखाद्या कुटुंबाने आजोबांच्या शेडमधली वस्तू म्हणून तो दोन पौंडांना लावला असेल, तर त्यांना खरे सांगा. माझ्या मते एवढी माणुसकी या छंदात हवीच.

पटाशी

पटाशीच्या पात्यावर ‘कास्ट स्टील’ असा शिक्का दिसला की अनेकांना ते ओतीव लोखंड वाटते आणि ते ती परत टाकतात. तो शिक्का म्हणजे खरे तर शिफारसपत्र. बेंजामिन हंट्समनने १७४०च्या दशकात शेफील्डमध्ये मातीच्या मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. आधीचे पोलाद एकजीव नसे, कुठे कडक तर कुठे मऊ. मुशीतले सर्वत्र सारखे. पुढची दीड-दोनशे वर्षे शेफील्डचे कारखाने हे अभिमानाने हत्यारावर ठोकत राहिले. शहराच्या कडेला अ‍ॅबिडेल इंडस्ट्रियल हॅम्लेटमध्ये तशी मुशीची भट्टी आजही पाहता येते.

जुनी पटाशी घडण्याची पद्धत उघड्या डोळ्यांनी दिसते. धारेचा उतार पुसून उजेडाकडे तिरपा धरा. पाठीच्या बाजूला एक चकचकीत पातळ पट्टी आणि वर करडा, मंद रंगाचा भाग असे दोन थर दिसले, तर मऊ लोखंडावर कडक पोलाद भट्टीत सांधलेले आहे. अशी पटाशी घासायला सोपी आणि धरायला उत्तम.

अवस्था बघताना सगळे लक्ष पाठीकडे, म्हणजे सपाट बाजूकडे. धारेपासून पहिल्या दोन-तीन सेंटीमीटरांत गंजाने खड्डे पाडले असतील तर तिथे धार कधीच अखंड येणार नाही. तेच खड्डे मुठीजवळ असतील तर खुशाल घ्या. धारेजवळ निळसर डाग दिसला तर कोणीतरी ग्राइंडरवर पाते जाळले आहे. तिथले पोलाद मऊ पडले, पण डाग लहान असेल तर तेवढा भाग घासून टाकता येतो. पाते मधोमध उचलून बोटावर तोला आणि टिचकी मारा. स्वच्छ नाद येणे चांगले. मुठीचे डोके हातोड्याने फुलासारखे फुटलेले असेल तर त्याचा भाव पाडून घ्या, मूठ बदलणे अर्ध्या तासाचे काम.

नावे बघायची तर मार्पल्स, वॉर्ड अँड पेन, सॉर्बी. मार्पल्सवर तीन पानांचा शॅमरॉक असतो. सॉर्बी आडनावाचे एकाहून अधिक कारखाने होते, म्हणून आडनावापुढची अक्षरे नीट वाचा: रॉबर्ट सॉर्बीची खूण कांगारू, आय. सॉर्बीची बाहुल्यांच्या खेळातला मिस्टर पंच.

करवत

करवतीत आधी सरळपणा. मूठ डोळ्याशी धरून दातांच्या रेषेवरून बंदुकीचा नेम धरतात तशी नजर टाका. सौम्य बाक निघतो, मुडपलेली घडी निघत नाही. दात बोथट असले तरी चालतील, कानस मारून परत येतात. दातांची एक रांगच मोडलेली असेल तर नको. पात्यावर स्पिअर अँड जॅक्सन, टायझॅक किंवा अमेरिकन डिस्टन यांची कोरीव खूण गंजाखाली असू शकते, म्हणून पाते तिथेच खरवडू नका. मुठीवरचे पितळी स्क्रू जागेवर आहेत का ते मोजा, आणि ‘वॉरंटेड सुपीरिअर’ एवढेच लिहिलेली पितळी चकती पाहून भुलू नका. ती कितीतरी वेगवेगळ्या कारखान्यांच्या करवतींवर सापडते.

लाकडी रंधे

गोलाई-खोलाई काढायचे लाकडी रंधे खोक्याने मिळतात आणि फार कमी लोक त्यांच्याकडे बघतात. लाकूड बहुधा बीच. कारखान्याचे नाव पुढच्या टोकाच्या सपाट भागावर, मागच्या टोकावर मापाचा आकडा. यॉर्कचा व्हारव्हिल, ग्लासगोचा मॅथिसन, ब्रिस्टलचा ग्रीनस्लेड ही त्यातली नेहमीची नावे. इथे पट्टी काढा आणि लांबी मोजा. साडेनऊ इंच ही लांबी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. रंधा दहा इंच किंवा जास्त भरला, कडा रुंद आणि सपाट तासलेल्या असल्या, आणि नावाभोवती नागमोडी चौकट असली, तर हातात फार जुनी वस्तू आहे. लाकडाला भोके दिसली तर उलटे करून टकटक करा; पांढरी ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. तो रंधा बाकीच्यांत मिसळू नका.

काळ कसा ओळखावा

गावाचे नुसते नाव असेल तर हत्यार जुने असण्याची शक्यता. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानंतर तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे भाग पडले, म्हणून ‘इंग्लंड’ शब्द त्यापुढच्या काळात वाढला; ‘मेड इन इंग्लंड’ सहसा विसाव्या शतकातले. हा नियम ठोकळमानाने वापरा, कारण देशात विकल्या जाणाऱ्या मालाला ती सक्ती नव्हती. ‘आरडी’ (Rd) आणि पुढे क्रमांक असेल तर ती घडणीची, म्हणजे डिझाइनची, नोंदणी. हे क्रमांक १८८४ मध्ये १ पासून सुरू झाले आणि १९०० पर्यंत साडेतीन लाखांवर पोहोचले. त्याआधी, १८४२ ते १८८३ या काळात, शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असे. तीन रेघांचा वर टोक केलेला बाण दिसला तर ते सरकारी, बहुतेकदा लष्करी हत्यार; शेजारी बरेचदा सालही, उदाहरणार्थ १९४२, स्पष्ट ठोकलेले असते, आणि मग तर्क करायचे कामच उरत नाही.

दुर्लक्षित वस्तू

माझा सर्वांत आवडता शोध म्हणजे लाकडी डबीतला धार लावायचा दगड. तेलाने काळाकुट्ट झालेला असतो, म्हणून कोणी हात लावत नाही. केरोसीनमध्ये भिजवून घासला की खालचा रंग कळतो. हिरवट करडा, त्यात तांबूस रेघा, असा निघाला तर तो लेस्टरशरचा चार्नली फॉरेस्ट दगड असू शकतो. फार हळू घासतो, पण धार आरशासारखी देतो. घेताना मधोमध खोलगट झिजला आहे का तेवढे पाहा.

बॉक्सवुड लाकडाच्या घडीच्या पट्ट्यांवर बर्मिंगहॅमचा रेबोन किंवा प्रेस्टन, टेपवर शेफील्डचा चेस्टरमन. पट्टी पांढरी आणि हस्तिदंती वाटली तर सोडून द्या: २०१८ च्या हस्तिदंत कायद्याने, जो जून २०२२ मध्ये लागू झाला, मोजके अपवाद वगळता असा व्यवहार बंद केला आहे. पान्यांवर ‘डब्ल्यू’ आणि अपूर्णांक दिसला तर ते जुने ब्रिटिश व्हिटवर्थ माप, आणि तो आकडा जबड्याचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. जुनी ब्रिटिश मोटरसायकल दुरुस्त करणाऱ्याला असे पाने सोन्यासारखे.

भाव

एकेका वस्तूचा भाव विचारण्यापेक्षा चार वस्तू बाजूला काढा आणि मग एकच आकडा विचारा. इंग्लंडमध्ये घासाघीस होते, पण मृदू आवाजात. ‘व्हॉट्स युअर बेस्ट प्राइस?’ एवढे पुरते. वस्तू वाईट म्हणून नाव ठेवू नका. आणि निघताना आणखी काही घरी पडले आहे का ते जरूर विचारा, कारण उरलेली हत्यारे पुष्कळदा गॅरेजमध्येच असतात. धारेची हत्यारे फडक्यात गुंडाळून डिक्कीत ठेवा आणि सरळ घरी न्या. योग्य कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी पाते बाळगणे तिथे गुन्हा आहे.

घरी आणल्यावर

हलका गंज केरोसीन आणि बारीक स्टील वूलने जातो. जाड गंजासाठी लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, लाकूड आणि पितळ काढून काही तास, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून लगेच कोरडे करून तेल. रात्रभर विसरू नका, पोलाद काळे पडून खायला लागते. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो सुका घासू नका. लाकडाला मेण द्या, पण मालकाचे ठसे आणि हातांनी आलेली चकाकी सँडपेपरने घालवू नका.

शिक्के ओळखण्यासाठी नजर बसवायची असेल तर शेफील्डच्या केलहम आयलंड संग्रहालयात केन हॉली यांचा संग्रह पाहावा. हत्यारांचे दुकान चालवणाऱ्या या माणसाने आयुष्यभर जमवलेली हत्यारे तिथे आहेत. भारतात असाल तर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी हीच तपासणी वापरा. तोंडाचा तडा, पाठीचे खड्डे आणि हरवलेला स्क्रू तिथेही तेच सांगतात. इंग्लंडहून घरी नेत असाल तर धारेची हत्यारे विमानात चेक-इन करायच्या बॅगेतच घाला, एका चार नंबरच्या रंध्याचे वजन पावणेदोन किलोच्या आसपास धरा, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळा काढायचा असेल तर पात्यांना आधी तेलाचा हात मारून मेणकागदात गुंडाळा.