त्वचेचा ल्युपस: या चुका टाळा

ल्युपस म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. त्याच्या त्वचेवरच्या प्रकारात सगळंच उशिरा कळतं. आज ऊन लागलं तर पुरळ उद्याच उठेल असं नाही. कधी आठवड्याने उठतं, कधी त्याहूनही उशिरा. तोवर ते ऊन कुणाच्या लक्षातही नसतं आणि दोष जातो नव्या साबणाला नाहीतर कालच्या जेवणाला. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

'मी तर घरातच असते, मला कुठलं ऊन?' असं अनेकजण म्हणतात. पण अतिनील किरणांपैकी यूव्ही-ए किरण खिडकीच्या काचेतून सहज आत येतात, आभाळ भरलेलं असलं तरी खाली पोचतात. सनस्क्रीन लावणारेही जेमतेम हरभऱ्याएवढं लावतात. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतकं लागतं, एसपीएफ 50 असलेलं, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. कान आणि भांग हमखास राहून जातात. रुंद कडेची टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.

दुसरी चूक जास्त महागात पडते. गोल, लाल कडेचे चट्टे दिसले की नायटा समजून दुकानातून मलम आणलं जातं. त्यात स्टेरॉइड असेल तर चट्टा तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं. चेहऱ्यावर जोरदार स्टेरॉइड बरेच दिवस लावलं तर कातडी पातळ होते. नायट्यासाठी घेतात त्या टर्बिनाफिनच्या गोळ्यांनी तर काहींमध्ये ल्युपसचं पुरळ उलट उफाळून येतं. रक्तदाबाच्या आणि ॲसिडिटीच्या काही गोळ्यांचंही तसंच. म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा. मनाने बंद मात्र करू नका.

डिस्कॉइड, म्हणजे गोल, खपलीदार चट्ट्यांच्या प्रकारात थांबायला वेळच नसतो. चट्ट्यावरची खपली सुटली तर तिच्या खालच्या बाजूला बारीक खिळ्यांसारखी टोकं दिसतात. ती केसांच्या मुळांत रुतलेली असतात. डोक्यावर असा चट्टा असताना महिनोन्‌महिने तेलं बदलत बसलात, तर मुळं वणात जातात आणि तिथे केस पुन्हा येत नाहीत.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही ल्युपसवरची नेहमीची गोळी तीन आठवड्यांत 'लागू पडली नाही' म्हणून सोडणारे खूप. तिचा गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. ती डोळ्यांना बाधेल अशी भीती असते, ती अगदीच निराधार नाही. पण डोस वजनाप्रमाणे ठरवलेला असेल, सुरुवातीला डोळे तपासले असतील आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी होत असेल, तर गोळी सोडायचं कारण उरत नाही. धूम्रपान मात्र सोडाच. त्याने आजार बळावतो.

डिस्कॉइड असलेल्या बहुतेकांचा आजार त्वचेपुरताच राहतो. तरी लघवीची आणि रक्ताची तपासणी टाळू नका, कारण आजार आत पसरून मूत्रपिंडाला सूज आली तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही. लघवीला फेस, पायांवर सूज, सकाळी आखडणारे सांधे, तोंडातले व्रण किंवा विनाकारण ताप, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठा.