बर्ड फ्लू: कोंबड्या नष्ट करण्याच्या आदेशाला हरकत कशी घ्यावी

पशुसंवर्धन विभागाचा फोन आला की कोंबड्या नष्ट करणारं पथक बहुतेक दुसऱ्याच दिवशी फार्मवर हजर असतं. हरकत घ्यायला हातात काही तासच मिळतात, म्हणून कोणत्या मुद्द्यावर भांडायचं हे आधी ठरवा.

"माझ्या कोंबड्या धडधाकट आहेत, त्यांना सोडा" हा मुद्दा टिकत नाही. 2009 च्या प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाने आणि केंद्राच्या बर्ड फ्लू कृती आराखड्याने बाधित क्षेत्रातले निरोगी पक्षीही नष्ट करण्याची मुभा प्रशासनाला आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या एका शहामृग फार्मने नेमका हाच वाद घातला: उरलेले पक्षी बरे झालेत, पुन्हा तपासा. डिसेंबर 2024 च्या शेवटी आदेश निघाला, फार्म दोन न्यायालयांत हरला, 6 नोव्हेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयानेही अर्ज फेटाळला आणि पाठोपाठ सुमारे 300 शहामृग मारले गेले. दहा महिने लढूनही शेवट तोच झाला.

टिकतात ते मुद्दे हद्दीचे, नमुन्याचे आणि मोजणीचे.

हद्द आधी बघा. बाधित क्षेत्र म्हणजे केंद्रबिंदूपासून (जिथे रोग सापडला ती जागा) 1 किलोमीटरचं वर्तुळ. त्यापुढे 10 किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र, जिथे नमुने घेतात, सरसकट पक्षी मारत नाहीत. अंतर सरळ रेषेत मोजायचं, रस्त्याने नाही. रस्त्याने दीड किलोमीटर असलेला फार्म हवाई अंतराने 800 मीटरवर निघतो आणि हरकत तिथेच संपते. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची प्रत आणि केंद्रबिंदूचे अक्षांश-रेखांश मागा, आपल्या शेडच्या चारही कोपऱ्यांचे मोबाईलवर घ्या. अंतर खरंच 1 किलोमीटरपेक्षा जास्त असेल, तर नकाशासह अर्ज जिल्हाधिकारी आणि जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त दोघांना द्या आणि पोच घ्या. केंद्रबिंदू कोंबड्यांच्या फार्मचा आहे की मेलेल्या कावळ्यांचा, हेही लेखी विचारा. तो दर वेळी फार्मच असतो असं नाही: जानेवारी 2025 मध्ये उदगीरला बर्ड फ्लू सापडला तो कावळ्यांत.

नमुन्याच्या बाबतीत "ही रानीखेत (कोंबड्यांचा दुसरा विषाणूजन्य रोग) आहे" असं म्हणून भागत नाही. दोन्हींची लक्षणं सारखी असली तरी भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत पीसीआर चाचणी थेट विषाणूचं जनुक शोधते. नमुना क्रमांक, घेतल्याची तारीख आणि फार्मचं नाव अहवालाशी जुळतं का, एवढं मात्र तपासा. त्यासाठी माहिती अधिकाराच्या वाटेला जाऊ नका. तिथे 30 दिवस जातात. साधा अर्ज करा.

यातला एखादा मुद्दा पक्का असेल तरच उच्च न्यायालयात रिट याचिका करा आणि त्याच दिवशी सुनावणी मागा. कमकुवत मुद्द्यावर पथक अडवणं महागात पडतं, कारण भरपाई फक्त पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधी मेलेल्यांची नाही. 2021 मध्ये जाहीर झालेले दर असे: 8 आठवड्यांवरील लेअर (अंड्यांसाठीची कोंबडी) 90 रुपये, त्याआतील 20, ब्रॉयलर (मांसासाठीची कोंबडी) 6 आठवड्यांपर्यंत 20, पुढे 70, अंडं 3 रुपये, खाद्य किलोला 12. सध्याच्या शासन निर्णयाची प्रत आधी मागून घ्या. 2021 च्या दराने हिशेब केला तर दोन दिवसांच्या ओढाताणीत 600 लेअर मेल्या की 54,000 रुपये गेले.

ब्रॉयलरवाल्यांची खरी गोम वयात आहे. 2021 च्या दराने 41 दिवसांचा, दोन किलोचा पक्षी 20 रुपयांत जातो. 43 दिवसांचा 70 रुपयांत. पंचनाम्यात वय "अंदाजे" लिहू देऊ नका, पिल्लांचं बिल पुढे करा.

पथक येण्याआधी शेडनिहाय मोजणी, मरतुकीची नोंदवही, अंड्यांचे ट्रे (30 प्रमाणे) आणि खाद्याची पोती तयार ठेवा. फुटलेल्या पोत्याचंही वजन करा. मोजणीत तफावत पडते ती बहुधा पक्षी पुरायच्या खड्ड्याशी: पोत्यात किती पक्षी भरले हे कोणी लिहीत नाही. आपला माणूस संरक्षक पोशाखात तिथे उभा करता येईल का ते विचारा. नाही म्हणाले तर पोत्यागणिक आकडा लिहून मागा आणि प्रत्येक शेड संपली की बेरीज जुळवा.

आकडा पटला नाही तरी सही नाकारू नका. सहीच्या वर लिहा: "शेड क्र. 2 मधील पक्षीसंख्या 2,350 आहे, पंचनाम्यात 2,100 दाखवली आहे. या फरकास हरकत नोंदवून सही करीत आहे." खाली तारीख, वेळ घाला आणि पंचनाम्याचा फोटो तिथेच काढा.

करारावर पक्षी सांभाळत असाल तर पक्षी कंपनीचे आणि शेड तुमची. भरपाई कोणाच्या खात्यात जाणार आणि तुमचा संगोपन खर्च कोण देणार, हे पंचनाम्याआधीच कंपनीकडून लेखी घ्या.