शेवटचे दहा फूट: धरणातल्या मोठ्या कटल्यासाठी तयारीची यादी

बहुतेक जण यादी काठीपासून सुरू करतात. कोणती काठी, कोणतं रीळ, कितीला पडलं. मी उलटीकडून, म्हणजे मासा काठाला आल्यापासून सुरू करतो. काही वर्षांपूर्वी भाटघरच्या पाण्यावर मला एक कटला लागला होता. चांगला पाऊण तास नाचवलं त्याने. शेवटी दमून काठापासून दहा फुटांवर आडवा झाला, आणि तेव्हा कुठे मला झोळीची, म्हणजे मासा उचलायच्या दांड्याच्या जाळीची, आठवण आली. झोळी होती, पण तिच्यात त्याचं डोकंसुद्धा मावेना. दोनदा ढकलून पाहिलं. तिसऱ्यांदा गळ झोळीच्या जाळीत अडकला, कटल्याने एक शेपटी हाणली आणि खेळ संपला. पलीकडे जाळं निवडत बसलेले एक काका सगळं बघत होते. म्हणाले, "साहेब, झोळी आणलीय का चहाची गाळणी?"

तर यादीत पहिली झोळी. तोंड मीटरभर रुंद, खोलीही साधारण तितकीच, दांडा दोन मीटरचा. जाळी रबराची किंवा बिनगाठीची घ्या. गाठींच्या नायलॉनने खवले निघतात आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. तो थर म्हणजे माशाचं चिलखत, तो गेला की सोडलेला मासाही पुढे बुरशी येऊन मरू शकतो. घरी एकदा झोळीत भरलेली दहा किलोची तांदळाची पिशवी ठेवून उचलून बघा. दांड्याचा सांधा तिथेच कुरकुरला तर बरं, पाण्यावर कुरकुरायला नको. आणि झोळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरायची, मासा तिच्यावर आणायचा. माशामागे झोळी घेऊन धावणारा माणूस लांबून फार करमणुकीचा दिसतो, हे मला आता माहीत आहे.

झोळीबरोबर बाकीचं सामान एकाच पिशवीत, आणि ती पिशवी हाताशी. मासा ठेवायला जाड स्पंजची गादी, वरून ताडपत्री शिवलेली. बादली, गादी आणि हात ओले करायला. लांब नाकाचा चिमटा. कापडी मोजपट्टी. वजन करायचंच असेल तर कापडाची झोळणी आणि ताणकाटा. कल्ल्यात आकडा घालून मासा टांगायचा नाही, मग तो सोडून काही उपयोग नाही. मी हल्ली बहुतेक वेळा काट्याला हातच लावत नाही. लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या, पोटाचा सर्वांत जाड भाग जिथे आहे तिथला घेर घ्या, घेराचा वर्ग गुणिले लांबी आणि भागिले २९,०००: किलोतलं वजन अंदाजे हाती येतं. ८० सेंटिमीटर लांब आणि ६२ घेराचा मासा म्हणजे साडेदहा किलोच्या आसपास. मित्रांना सांगायला एवढं पुरतं, आणि ते तसंही त्यातून दोन किलो वजा करूनच ऐकतात.

फोटो काढणाऱ्याने कॅमेरा आधीच चालू ठेवायचा. मासा पाण्याबाहेर आला की तुम्ही स्वतः श्वास रोखा, आणि तुम्हाला घुसमटायला लागलं की त्याला पाण्यात न्या. सोडताना पाण्यातच पोटाखाली हात धरून, पाठ वर अशा स्थितीत सरळ धरायचा, तो स्वतःहून हातातून निघेपर्यंत. उन्हाळ्यात पाणी तापलेलं असतं आणि त्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा याला जास्त वेळ लागतो. दुपारच्या उन्हात मी म्हणूनच गळ टाकत नाही.

खायला न्यायचा असेल तर एखादा दोन-अडीच किलोचा न्या, चवही त्यालाच असते. मोठ्याला सोडायचं कारण भावनेचं नाही. कटला मूळचा आपल्याकडचा नव्हे, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. आपल्या धरणांत तो बीज सोडून आलाय. साठलेल्या पाण्यात तो सहसा अंडी घालत नाही, त्याला पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणजे पंधरा किलोचा कटला हा कधीतरी बोटाएवढा असताना सोडलेला आणि त्यानंतर वर्षानुवर्षं रोजच्या जाळ्यांना चुकवत आलेला मासा असतो. असे फार नसतात.

आता दोरा. आपल्याकडे सगळे त्याला तंगूसच म्हणतात. ०.३५ ते ०.४० मिलिमीटर जाडीचा, आठ-दहा किलोचा ताण सोसणारा, मऊ आणि नवा. मागच्या हंगामातला रिळावर तसाच राहिलेला तंगूस उन्हाने कडक झालेला असतो, दीडशे रुपये वाचवायला त्याच्यावर भरवसा ठेवू नका. दोन बोटांमधून पहिले तीन-चार मीटर ओढून बघा. नखाला बारीकसा खरखरीतपणा लागला तरी तेवढा तुकडा कापून टाका. सह्याद्रीतल्या धरणांचा तळ म्हणजे बसाल्टचे धारदार दगड, तिथे दोरा एका सकाळीत सोलवटून निघतो. गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली करायची. कोरडी आवळली की घर्षणाने तापते आणि तिथेच कच्ची राहते.

रिळाचा ब्रेक अंदाजाने लावू नका. घरी काठी कोणाला तरी धरायला द्या, तंगुसाचं टोक ताणकाट्याला बांधा आणि ओढा. आठ किलोच्या तंगुसाला काटा दोन-सव्वादोन किलो दाखवत असताना रीळ सुटायला लागलं पाहिजे. पहिल्यांदा करून बघाल तेव्हा हे भलतंच सैल वाटेल. पण कटल्याचं तोंड मोठं आणि ओठ मऊ असतात; तंगूस तुटला नाही तर तोंड फाटतं आणि मासा जातो. पहिली धाव त्याला घेऊ द्यायची.

काठी? दहा-बारा फुटांची, मध्यम ताकदीची, जी पुढच्या अर्ध्यात वाकते. रिळावर दोनशे मीटर मावलं पाहिजे. बाकी ब्रँडवर मी वाद घालत नाही. गळ मात्र जुने वापरू नका. नखावर टेकवून ओढला आणि घसरला तर तो बोथट. उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करा. मासा सुटेल ही भीती असते, पण दोरा ताणलेला ठेवला तर सुटत नाही. दुसरा फायदा तुमच्याच अंगठ्याला होतो: जवळचा दवाखाना घाटाच्या खाली असताना उलट्या काट्याचा गळ बोटात रुतणं काय असतं, ते मी एकदा अनुभवलंय.

चारा हा ज्याच्या त्याच्या घराण्याचा विषय. पवईला जुने गळकरी पाण्यावर मोराच्या पिसाची काडी उभी करून तासन्‌तास बसायचे आणि आपल्या गोळ्यात काय आहे ते सख्ख्या भावालाही सांगायचे नाहीत. माझ्याकडे गुपित नाही. शेंगदाण्याची पेंड भाजून कुटलेली, भाताचा बारीक कोंडा, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, थोडी भाजलेली मेथी आणि चिमूटभर गूळ. पेंडीला बुरशीचा वास येत असेल तर फेकून द्या. खरी परीक्षा गोळ्याची आहे. घरी बादलीत पाणी भरा, लिंबाएवढा गोळा सोडा आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांत विरघळला तर फेकतानाच फुटेल. तासाभराने तसाच दगडासारखा बसला असेल तर कटला त्याच्याकडे बघणारही नाही. वीस-पंचवीस मिनिटांत त्याच्यातून कोंड्याचा ढग हळूहळू सुटत राहिला पाहिजे. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो तळ उकरत नाही, पाण्यात तरंगणारं बारीक खाणं गाळून खातो. त्याला ढग हवा असतो. तळाशी भरीव गोळा टाकून बसलात तर मृगळ येईल, चिलापी येतील, आणि शिंगाळा आला तर हात सांभाळा, त्याच्या परांचे काटे भाल्यासारखे असतात.

मरळ किंवा शिवडा हवा असेल तर ही यादी चालणार नाही. शिवड्याच्या दातांपुढे साधा तंगूस टिकत नाही, पुढे तार लागते. मरळ हवा घ्यायला वर येतो, तेव्हा पाण्यावर 'डुब्' असा आवाज येतो, तिकडे लक्ष ठेवावं. पण काठाजवळ लालसर पिल्लांचा थवा दिसला तर खाली आईबाप राखण करत असतात. तिथे गळ टाकणं मला बरं वाटत नाही.

महासीरच्या नादाने येणाऱ्यांशी दोन शब्द. आपला दख्खनी महासीर, म्हणजे खडस, कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतूनच शास्त्राला कळवला. पुढे लोणावळ्याला वळवणच्या तळ्याकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकात त्याची पैदास सुरू केली, आणि तिथलं बीज देशभर गेलं. हेतू चांगला होता. पण कावेरीत हाच पाहुणा तिथल्या मूळच्या नारिंगी शेपटीच्या महासीरला भारी पडला, आणि तो कावेरीचा महासीर २०१८ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. तेव्हा एका पाण्यातला मासा बादलीतून दुसऱ्या पाण्यात नेऊन सोडण्याचं पुण्य कृपया करू नका. आणि महाडजवळ वाळण कोंडीतल्या, देवाचे म्हणून राखलेल्या माशांना गळ दाखवायचाही नाही. लाह्या टाका, बघा, नमस्कार करा.

परवानगी. धरण जलसंपदा खात्याचं असतं, पण मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तिथे जाऊन विचारा, पावती असेल तर घ्या, नसेल तर निदान चहा घ्या. कोणाची जाळी कुठे लागलेली आहेत हे तिथेच कळतं. टाटांच्या तलावांचा मामला वेगळा, कंपनीच्या परवानगीशिवाय उतरू नका. कोयना, चांदोली, राधानगरी ही नावं यादीतून काढूनच टाका. ती अभयारण्यांची पाणी आहेत. आणि पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्याने वर चढतात तेव्हा काठी घरी ठेवा. अंड्यांनी भरलेली मादी पकडून दाखवण्यात काय मोठेपणा?

जिवाची तयारी थोडक्यात सांगतो, पण वगळू नका. एकटे जाऊ नका. लाइफ जॅकेट अंगात घालायचं असतं, डोक्याखाली उशाला नाही. पाणी उतरतं तेव्हा काठचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत कमरेएवढा असतो. काठीने टोचून मगच पाय टाका. दगड उचलण्याआधी बुटाने हलवा, खाली विंचू असतात. वळवाचे ढग जमले की कार्बनची काठी खाली ठेवून लांब व्हा, ती विजेला आवडते. आणि मे महिन्यातल्या दुपारी होडीत बसू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात कळाशी-कुगावच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा माणसं गेली. ती रोजची वाट होती, मासेमारीची हौस नव्हे.

एवढं सगळं ऑक्टोबरसाठी. पाऊस थांबलेला, धरण भरलेलं, पाणी निवळत आलेलं, तेव्हा आमची खरी ट्रिप असते. पण यादीतलं सर्वांत आधीचं काम मेमध्येच करायचं असतं, आणि तेच बहुतेक जण करत नाहीत: रिकामं धरण चालून बघणं. उन्हाळी आवर्तनं सुटून पाणी तळाला गेलं की धरण आपलं पोट उघडं करतं. भाटघरला कांबरेश्वराचं देऊळ वर येतं, उजनीला पळसदेवचं पळसनाथाचं. लोक देवळाचे फोटो काढतात. तुम्ही देवळाच्या आजूबाजूचे काढा. जुना गाडीरस्ता कुठून गेलाय, शेतांच्या दगडी ताली कुठे आहेत, ओढ्याचं मूळ पात्र कुठे वळतं, आंब्याची खोडं कुठे उभी आहेत. ऑक्टोबरात हे सगळं चाळीस फूट पाण्याखाली असेल आणि मोठा मासा याच्याच कडेकडेने फिरत असेल, कारण उघड्या सपाट तळावर त्याला काहीच आडोसा नसतो.

फोनमध्ये ठिकाण नोंदवा, पण त्याच्यावरच विसंबू नका, पाण्यावर रेंज नसते. काठावरच्या न बुडणाऱ्या दोन खुणा धरा: एखादं वडाचं झाड आणि मागच्या डोंगरातली खिंड एका रेषेत आली की इथे, असं. वहीत चित्र काढा, पावलं मोजा. गेल्या मेमध्ये मला ते गाळणीवाले काका पुन्हा भेटले. म्हणाले, चला, दाखवतो. वाळलेल्या गाळातून एका पडक्या विहिरीपाशी नेलं. बांधीव, चौकोनी, एका अंगाला पायऱ्या, आत अजून हिरवट पाणी होतं. काका कठड्यावर बसले, तंबाखू मळली आणि बोटाने पायऱ्यांच्या दिशेला खूण केली. "दिवाळीत तो इथून वर येतो. सकाळी, ऊन डोंगरावरून उतरायच्या आत." मी पायऱ्या मोजल्या. सतरा होत्या.